फॅमिलिअरची बुद्धी : प्रस्तावना

जादूगार आपल्या मांजराला सांगतो, ‘किल्ल्यात किती पहारेकरी आहेत ते पाहून ये.’ मांजर खिडकीतून आत शिरते आणि अर्ध्या तासाने परत येते. त्याला मोजता येते का? पहारेकरी कोण आणि आचारी कोण, हे त्याला ओळखता येते का? ओळखता आले, तरी ते जादूगाराला कोणत्या भाषेत सांगणार? टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांत हे प्रश्न दर दुसऱ्या डावात उभे राहतात. जादूगाराशी जादूने बांधलेल्या अशा प्राण्याला या खेळांत ‘फॅमिलिअर’ म्हणतात. त्याच्या बुद्धीचे नियम पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. वरवर पाहता ते प्राण्याच्या मेंदूविषयीचे नियम आहेत. प्रत्यक्षात त्यांतून दोन गोष्टी ठरतात: प्राण्याने मिळवलेली माहिती खेळाडूपर्यंत कशी पोहोचते, आणि प्राण्याच्या वतीने निर्णय कोण घेतो.

पंचतंत्रातल्या कावळ्याच्या किंवा कोल्ह्याच्या बुद्धीचा हिशेब कोणी मागत नाही. तिथे सगळेच प्राणी बोलतात आणि गोष्टीचा शेवट सांगणाऱ्याच्या हाती असतो. खेळात शेवट ठरलेला नसतो. मांजराने आणलेल्या बातमीवर चार-पाच पात्रांचा जीव अवलंबून असतो आणि टेबलावरचा प्रत्येक जण नियमाचा आधार मागतो. म्हणून गोष्टीत जे गृहीत धरले जाते ते खेळात आकड्याने लिहावे लागते.

‘फॅमिलिअर’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘फॅमिलिआ’ म्हणजे घरदार, आणि त्या घरातला तो फॅमिलिअर. खेळांनी ही कल्पना उचलली ती इंग्लंडमधल्या चेटकिणींवरच्या खटल्यांतून. 1566 साली एसेक्स परगण्यातल्या चेम्सफर्ड येथे अ‍ॅग्नेस वॉटरहाउस या स्त्रीवर खटला चालला आणि तिला फाशी झाली. ‘सेटन’ नावाचे मांजर तिच्यासाठी दुष्कर्मे करत होते, असा आरोप होता. 1604 च्या कायद्याने दुष्ट आत्म्यांचा सल्ला घेणे, त्यांना पोसणे किंवा त्यांच्याशी करार करणे हा गुन्हा ठरवला. 1640 च्या दशकात मॅथ्यू हॉपकिन्सने पूर्व इंग्लंडमध्ये चेटकिणींचा शोध चालवला आणि 1647 मध्ये त्यावर पुस्तकही काढले. या सर्व कागदपत्रांत फॅमिलिअर हा साधा प्राणी नाही. मांजर, बेडूक किंवा कुत्रा हे त्याचे केवळ बाह्य रूप. आत सैतानाचा दूत. त्यामुळे तो मालकिणीपेक्षा कमी बुद्धीचा असण्याचा प्रश्नच नव्हता. उलट तोच तिला फसवत असे.

खेळांच्या वाट्याला या परंपरेतून दोन वेगळ्या कल्पना आल्या. एकीत फॅमिलिअर हा खराखुरा प्राणी असतो आणि जादूने त्याची बुद्धी वाढवलेली असते. दुसरीत तो मुळातच आत्मा असतो आणि प्राण्याचे शरीर त्याने पांघरलेले असते. पहिलीत बुद्धी ही जादूगाराने दिलेली देणगी ठरते. दुसरीत ती आधीपासून असते आणि शरीर उसने असते. पुढे नियमांत दिसणारे बहुतेक फरक या दोहोंपैकी कोणती कल्पना धरली आहे यावरून पडतात.

दोन आणि तीन यांमधली रेघ

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पात्राला सहा गुण होते: बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घ्यायची, म्हणजे कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 18. तीन फाशांवर 3 पेक्षा कमी पडूच शकत नाही. त्यामुळे माणसाच्या बुद्धीचा तळ आपोआप 3 वर ठरला आणि त्याखालचे 1 व 2 हे आकडे मोकळे राहिले.

2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने या मोकळ्या जागेचा नियम केला. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी रचलेल्या या आवृत्तीत ‘प्राणी’ या वर्गातल्या जिवाची बुद्धी 1 किंवा 2 असते. ज्याची बुद्धी 3 किंवा अधिक, तो त्या वर्गात बसत नाही. भाषा समजण्यासाठी निदान 3 लागते. कुत्रा, घोडा, लांडगा हे सारे 2 वर येतात; सरडा आणि बेडूक 1 वर. फाशांच्या गणितातून निघालेली ही सीमा पुढे तत्त्वासारखी वागू लागली: 2 म्हणजे शिकवता येणारा जीव, 3 म्हणजे समजावता येणारा जीव.

देणगी म्हणून बुद्धी

बुद्धीची ही श्रेणी फॅमिलिअरला लागू होण्याआधी त्याचे स्वरूप बरेच ढगळ होते. 1978 च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये फॅमिलिअर बोलावणे हा पहिल्या पातळीचा मंत्र होता. कोणता प्राणी येईल हे वीस बाजूंचा फासा ठरवत असे: मांजर, कावळा, ससाणा, घुबड, बेडूक किंवा मुंगसासारखा दिसणारा वीझल. 15 पडले तर इंप, क्वासिट किंवा छोटा ड्रॅगन यांसारखा खास जीव, आणि 16 ते 20 पडले तर कोणीच नाही. मिळालेला प्राणी जादूगाराशी संभाषण करी, पहारा देई, हेरगिरी करी आणि आपल्या तीक्ष्ण इंद्रियांचा लाभ मालकाला देई. तो मेला तर जादूगाराच्या जीवनबिंदूंतून प्राण्याच्या बिंदूंच्या दुप्पट बिंदू कायमचे जात. इतका जबर दंड असल्याने खेळाडू फॅमिलिअरला जपत, आणि तो किती हुशार आहे हे तपासण्याची वेळ क्वचितच येई.

तिसऱ्या आवृत्तीने आणि तिच्या 2003 च्या सुधारित 3.5 रूपाने या विषयाला प्रथमच नेमका तक्ता दिला. विझार्ड आणि सॉर्सरर या जादूगारांच्या दोन प्रकारांना फॅमिलिअर ठेवण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी एक दिवसाचा विधी आणि 100 सुवर्णमुद्रांचे साहित्य लागे. प्राणी बांधला गेला की तो ‘प्राणी’ वर्गातून निघून ‘जादुई पशू’ वर्गात जाई, आणि त्याची बुद्धी मालकाच्या अनुभवाच्या पातळीनुसार वाढत जाई. पहिल्या व दुसऱ्या पातळीला 6, तिसऱ्या-चौथीला 7, आणि दर दोन पातळ्यांना एक वाढत एकोणिसाव्या-विसाव्या पातळीला 15.

हे दोन टोकांचे आकडे फाशांच्या भाषेत वाचले तर तक्त्याचा आवाका कळतो. तीन फाशांच्या एकूण 216 शक्यतांपैकी 6 किंवा त्याहून कमी बेरीज देणाऱ्या 20 आहेत. 15 किंवा त्याहून अधिक देणाऱ्याही 20 च आहेत. म्हणजे नवशिक्या जादूगाराचा उंदीर माणसांतल्या सर्वांत मंद अशा सुमारे नऊ टक्क्यांच्या उंबरठ्यावर उभा असतो, आणि महाजादूगाराचा उंदीर सर्वांत हुशार नऊ टक्क्यांच्या उंबरठ्यावर. नवव्या-दहाव्या पातळीला तो 10 वर, म्हणजे सामान्य माणसाच्या बरोबरीला येतो.

बुद्धी वाढली म्हणून वाचा मिळते असे मात्र नव्हते. संवादाच्या पायऱ्या वेगळ्या ठेवल्या होत्या. सुरुवातीला मालक आणि प्राणी यांच्यात एक मैलापर्यंत चालणारा भावबंध असे. त्यातून भीती, भूक, आनंद, कुतूहल इतकेच कळे. मालकाला प्राण्याच्या डोळ्यांनी पाहता येत नसे. पाचव्या पातळीला दोघांना एकमेकांशी बोलता येई, पण ती भाषा तिसऱ्याला कळत नसे. सातव्या पातळीला फॅमिलिअर स्वजातीय प्राण्यांशी बोलू लागे. तेराव्या पातळीला मालकाला दिवसातून एकदा दुरून त्याच्यावर नजर टाकता येई. अपवाद डोमकावळ्याचा: तो पहिल्या दिवसापासून मालकाने निवडलेली एक भाषा बोलत असे.

पहिल्या दृश्यातल्या मांजराचे काय होते, ते आता सांगता येते. मालक पहिल्या पातळीचा असेल तर मांजराची बुद्धी 6 आहे, आज्ञा त्याला समजते आणि पहारेकरी कोण हे बहुधा कळतेही. तरी परत आल्यावर ते फक्त ‘भीती’ एवढेच पोहोचवू शकते. पाचव्या पातळीला तेच मांजर सविस्तर हकीकत सांगते. बातमी प्राण्याच्याच तोंडून यायची होती, म्हणूनच या आवृत्तीला त्याच्या बुद्धीचा आकडा इतका काळजीपूर्वक ठरवावा लागला. साक्षीदाराची योग्यता ठरवल्याशिवाय साक्ष कशी घ्यायची?

आणखी एका नियमाने बुद्धीचा अर्थ ताणला. मालकाने कौशल्यांत मिळवलेले गुण प्राण्याच्या स्वतःच्या गुणांपेक्षा चांगले असतील तर प्राण्याला तेच वापरता येत. त्यामुळे मंत्रशास्त्राचा जाणकार असलेल्या जादूगाराच्या बेडकालाही मंत्रशास्त्राचे ज्ञान असे. बुद्धीचा आकडा प्राण्याचा स्वतःचा होता. विद्या मात्र उसनी होती.

शिकवलेले आणि समजलेले

फॅमिलिअरचे वेगळेपण समजायचे तर त्याच्या शेजारी निसर्गाची जादू करणाऱ्या ड्रुइडचा ‘सोबती प्राणी’ ठेवून पाहावे लागते. 3.5 मध्ये ड्रुइडचा लांडगा प्राणीच राहतो. त्याची बुद्धी 2 असते. त्याला आज्ञा देणे हे प्राणी हाताळण्याच्या कौशल्याचे काम आहे. शिकवलेले काम करवून घ्यायला फाशाच्या तपासणीत 10 चे लक्ष्य गाठावे लागते. न शिकवलेले काम रेटून करवायचे तर 25 चे. बुद्धी 1 असलेल्या प्राण्याला तीन आणि 2 असलेल्याला सहा ‘करामती’ शिकवता येतात: हल्ला कर, ये, राखण कर, आण, माग काढ, थांब आणि अशाच आणखी काही. हल्ल्याच्या करामतीतही बारकावा आहे. सामान्य शिकवणीवर प्राणी माणसांसारख्या जीवांवर, राक्षसांवर व इतर प्राण्यांवर धावतो. चालत्या प्रेतावरही धावून जायला हवा असेल, तर ती शिकवण दोन करामतींइतकी धरली जाते. ड्रुइडला जिवलगपणाची सवलत म्हणून तपासणीत 4 गुण जास्त मिळतात.

या दोन टोकांच्या मधे पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा घोडा येतो. त्याची बुद्धी 6 पासून सुरू होऊन 9 पर्यंत जाते. म्हणजे तो समजूतदार आहे, पण सामान्य माणसाइतका कधीच होत नाही. ‘अवेकन’ हा मंत्र याहूनही वेगळा. ड्रुइड चोवीस तासांच्या विधीने एखाद्या प्राण्याला जागे करतो आणि मग त्याच्या बुद्धीसाठी, अगदी माणसासारखे, तीन फासे टाकले जातात. असा जागा झालेला प्राणी पुढे कोणाचा सोबती प्राणी किंवा फॅमिलिअर होऊ शकत नाही. ज्याला खरोखर स्वतःची बुद्धी आली त्याला ताब्यात ठेवता येत नाही, हा या नियमामागचा विचार आहे.

पेझो प्रकाशनाच्या 2009 मधल्या ‘पाथफाइंडर’ने तिसऱ्या आवृत्तीचा तक्ता जवळजवळ तसाच घेतला, आणि दोन-तीनची रेघ नव्याने अडचणीत आली. या खेळात ड्रुइडच्या सोबत्याला चौथ्या पातळीला एखादा गुण एकाने वाढवता येतो. खेळाडूंनी तो बुद्धीत घातला आणि लांडगा 2 वरून 3 वर आला. आता तो समजावता येणारा जीव झाला का? त्याला करामती शिकवायच्या की नाहीत? 2013 च्या ‘अल्टिमेट कॅम्पेन’ या ग्रंथाने उत्तराची चौकट दिली. प्राण्याच्याच बुद्धीचा सोबती चांगल्या शिकवलेल्या कुत्र्यासारखा एकनिष्ठ असतो. ज्याची बुद्धी 3 किंवा अधिक आहे आणि ज्याला भाषा कळते, तो सहकारी असतो. तो सांगितलेले मनापासून करतो, पण मरणाच्या दारात ढकलणारी आज्ञा आंधळेपणाने पाळत नाही. आकडा एकाने वाढला की प्राण्याला नकाराचा हक्क मिळतो.

उसने डोळे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 मधल्या पाचव्या आवृत्तीने दुसरी, जुनी कल्पना पुन्हा आणली. ‘फाइंड फॅमिलिअर’ मंत्राने येतो तो आत्मा, आणि तो प्राण्याचे रूप घेतो. एक तासाचा विधी आणि 10 सुवर्णमुद्रांचे धूप, कोळसे व वनस्पती एवढे पुरते. घुबड, मांजर, डोमकावळा, साप, कोळी, खेकडा, ऑक्टोपस अशा रूपांतून जादूगार निवड करतो. फॅमिलिअरला आकडे मात्र त्या रूपाचेच मिळतात. म्हणून घुबडाची बुद्धी 2, मांजराची 3, बेडकाची 1. तिसऱ्या आवृत्तीतल्या 6 ते 15 च्या चढणीनंतर ही घसरण चकित करणारी वाटते.

घसरणीचे कारण त्याच मंत्रात आहे. शंभर फुटांच्या आत फॅमिलिअरशी मनोमन संवाद साधता येतो आणि त्याच्या डोळ्यांनी पाहता, कानांनी ऐकताही येते. त्या वेळी जादूगार स्वतःच्या डोळ्यांना आणि कानांना मुकतो. बातमी आता प्राण्याने सांगायची नसते, जादूगार ती स्वतः पाहतो. पहारेकरी मोजण्याचे काम घुबडाच्या 2 वर नव्हे, जादूगाराच्या बुद्धीवर होते. साक्षीदाराची गरजच उरली नाही, मग त्याच्या योग्यतेचा आकडा खाली आला तरी खेळ अडत नाही.

शहाणपण हा वेगळा गुण असल्याने याला आणखी आधार मिळतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आजूबाजूचे टिपणे शहाणपणावर चालते, तर टिपलेल्यावरून निष्कर्ष काढणे बुद्धीवर. पाचव्या आवृत्तीच्या घुबडाची बुद्धी 2 म्हणजे तपासणीत उणे 4, पण शहाणपण 12 आहे. त्याला 120 फूट अंधारात दिसते, आणि पाहण्या-ऐकण्यावरच्या टेहळणीत त्याला दोन फाशांपैकी चांगला फासा घेता येतो. दारामागची कुजबुज त्याला ऐकू येते. ती कटाची आहे हे त्याला उमगत नाही.

शंभर फुटांपलीकडे मात्र जुना प्रश्न परत येतो. घुबड मैलभर दूर जाऊन आले, तर ते काय सांगणार? नियम म्हणतो की फॅमिलिअर स्वतंत्रपणे वागतो आणि आज्ञा नेहमी पाळतो. आज्ञा पाळणे आणि आज्ञेचा हेतू ओळखणे यांतले अंतर नियम भरत नाही. ते खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला भरावे लागते. आतला आत्मा चलाख आहे असे मानणारा डंजन मास्टर सविस्तर हकीकत देतो; शरीराचा 2 हा आकडा प्रमाण मानणारा ‘अनेक दोन पायांचे’ एवढेच सांगतो. वॉरलॉक या आणखी एका प्रकारच्या जादूगाराला मिळणाऱ्या खास फॅमिलिअरांत हा पेच येत नाही: इंपची बुद्धी 11, छोट्या ड्रॅगनची 10, क्वासिटची 7 आणि स्प्राइटची 14 आहे.

मदतीच्या नियमातही हाच पेच आहे. घुबड शत्रूभोवती घिरट्या घालून साथीदाराला फायदा मिळवून देते, हे सर्वमान्य आहे. पण शिलालेख वाचायला ते मदत करू शकते का? एकट्याला जे काम करता येईल त्यातच मदत करता येते, असे पाचवी आवृत्ती सांगते. त्यामुळे शिलालेखापुढे घुबड गप्प राहते.

वेगळ्या वाटा

इतर खेळांनी हीच सीमा वेगळ्या रीतीने आखली. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’मध्ये प्राण्यांची बुद्धी 5 पर्यंत असते आणि विचारी जीव 6 पासून सुरू होतात; म्हणजे रेघ आहे, फक्त दुसऱ्या आकड्यावर. ‘रुनक्वेस्ट’च्या 1984 च्या आवृत्तीत आकडा नव्हे, प्रकार बदलतो: प्राण्याची बुद्धी ‘ठरीव’ असते, म्हणजे ती उपजत वृत्तीपुरती चालते. 1987 मध्ये जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी आणलेल्या ‘आर्स मॅजिका’च्या पुढच्या आवृत्त्यांत प्राण्याला बुद्धीऐवजी ‘चलाखी’ असते. तिथे फॅमिलिअर हा नोकर नाही, आयुष्याचा जोडीदार आहे. दोघे सोनेरी, रुपेरी आणि कांस्य अशा तीन दोरांनी बांधले जातात. त्यांपैकी रुपेरी दोर मनांना जोडतो.

2019 च्या ‘पाथफाइंडर’ दुसऱ्या आवृत्तीने आकडाच काढून टाकला. तिथल्या फॅमिलिअरला बुद्धी, बळ वगैरे स्वतःचे गुण नाहीत. मालक रोज सकाळी त्याच्यासाठी काही क्षमता निवडतो, आणि ‘वाचा’ ही त्यांतली एक आहे. ती निवडली तर फॅमिलिअर मालकाची एक भाषा समजतो व बोलतो. लढाईत मालकाने आज्ञा दिली की त्याला दोन कृती मिळतात. तो किती हुशार, हा प्रश्न मागे पडतो आणि आज तो काय करू शकतो, हा पुढे येतो.

निर्णय कोणाचा

या साऱ्या नियमांच्या तळाशी टेबलावरची एक व्यावहारिक गोष्ट आहे: प्राण्याला चालवतो कोण? प्राणी आज्ञा नेहमी पाळतो असे म्हटले की तो खेळाडूचा दुसरा हात होतो. त्याला नकार देता येतो असे म्हटले की त्याच्या तोंडून डंजन मास्टर बोलू लागतो. बुद्धीचा आकडा जितका मोठा, तितका हा दुसरा आवाज टेबलावर अधिक योग्य वाटतो. मृत्यूची किंमतही यात मिसळते. 3.5 मध्ये फॅमिलिअर मेला तर मालकाला तपासणीत अपयश आल्यास दर पातळीमागे 200 अनुभवगुण गमवावे लागत. यश आले तरी निम्मे जात. नवा मिळायला वर्ष आणि एक दिवस थांबावे लागे. अशा प्राण्याला खेळाडू धोक्यात पाठवत नसे. पाचव्या आवृत्तीत तो तासाभरात व 10 मुद्रांत परत येतो. म्हणून तिथे त्याला सापळ्यावर चालवणे सोपे झाले, आणि त्याने नकार द्यावा का, हा प्रश्न अधिक टोकदार झाला.

एखाद्या खेळातल्या फॅमिलिअरच्या बुद्धीचा नियम वाचताना म्हणून चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. तो उंचावलेला प्राणी आहे की रूप घेतलेला आत्मा? भाषा समजण्याची रेघ कोणत्या आकड्यावर आहे आणि तो तिच्या कोणत्या बाजूला आहे? त्याने पाहिलेले मालकापर्यंत त्याच्या तोंडून येते की मालक थेट त्याच्या डोळ्यांनी पाहतो? आणि तो मेला तर मालकाचे काय जाते? या चारांची उत्तरे हाती असली की किल्ल्यातून परतलेले मांजर पहारेकऱ्यांचा आकडा सांगेल, नुसती भीती कळवेल की पुन्हा आत जायला नकार देईल, हे डाव सुरू होण्याआधीच ठरवून ठेवता येते.